स्टेशन जागचं हलत नाही, म्हणून तो 'ट्रेक' नाही?

जुना शिलेदार:
'डीप स्पेस नाइन' मालिका म्हणून चांगली असेल, पण तिला 'स्टार ट्रेक' या अंतराळ-मालिकांच्या घराण्यातली म्हणू नका. १९६६ पासून ट्रेक म्हणजे जहाज, प्रवास, दर आठवड्याला नवा ग्रह. इथे सात वर्षं सगळे एका अंतराळ स्टेशनवर बसून भांडतात. ट्रेकचे जनक रॉडनबेरी १९९१ मध्ये गेले, १९९३ मध्ये हे सुरू झालं. घराचा मालक गेल्यावर भाडेकरूंनी भिंती पाडल्या.

म्हापशेकर:
हे वाचून राहवलं नाही. पहिल्याच वर्षातला 'ड्युएट' हा भाग तुम्ही पाहिलाय का? बजोर ग्रहावर कार्डेशियन या परग्रहवासीयांनी पन्नास वर्षं राज्य केलं, ते संपलंय. स्टेशनवर एक आजारी कार्डेशियन येतो. त्याचा आजार फक्त गालिटेपच्या सक्तमजुरीच्या छावणीत असलेल्यांनाच होऊ शकतो, म्हणून स्टेशनवरची बजोरन अधिकारी कीरा त्याला कोठडीत टाकते. तो छाती काढून सांगतो, मीच तिथला कसाई. निघतो साधा फायली सांभाळणारा कारकून. रात्री किंकाळ्या ऐकू येऊ नयेत म्हणून कान झाकून पडणारा. कोणीतरी शिक्षा भोगावी म्हणून तो मेलेल्या अधिकाऱ्याचं सोंग घेऊन आलेला असतो. एक कोठडी, दोन माणसं. नवा ग्रह कशाला हवा?

माझे आजोबा पोर्तुगिजांच्या कचेरीत कारकून होते. पकडून आणलेल्यांची नावं वहीत उतरवणं हे त्यांचं काम. १९६१ नंतर वाड्यावरची दोन घरं त्यांच्याशी कधीच बोलली नाहीत. म्हातारपणी सही करताना हात थरथरला की ते पेन खाली ठेवायचे आणि त्या हाताकडे बघत बसायचे. तो भाग बघताना मला तो हात दिसला.

जुना शिलेदार:
आजोबांचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण त्यामुळे मुद्दा बदलत नाही. याच मालिकेच्या 'इन द पेल मूनलाइट' भागात स्टेशनचा प्रमुख सिस्को रोम्युलन या परग्रहवासीयांना युद्धात ओढायला खोटा पुरावा तयार करवतो, त्यापायी खून पडतात, आणि शेवटी म्हणतो की हे ओझं घेऊन मी जगू शकतो. आधीच्या मालिकेतल्या कॅप्टन पिकार्डने असं केलं असतं? माणूस सुधारलेला असेल, ही ट्रेकची शपथ होती.

रविवार सकाळ:
शपथ, शपथ! ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर जुना ट्रेक लागायचा, आम्ही चाळीत अख्खं घर भरून बघायचो. त्या सुधारलेल्या जगात १९६७ च्या 'स्पेस सीड' भागात खलनायक खान नूनियन सिंग आणला. उत्तर भारतातला, बहुधा शीख, असं जहाजावरची इतिहासतज्ज्ञ सांगते. नट कोण? मेक्सिकोचा रिकार्डो मोंतालबान, चेहऱ्याला रंग फासून. दाढी नाही, पगडी फक्त तिने काढलेल्या चित्रात. २०१३ च्या सिनेमात तर खान म्हणून थेट गोरा कंबरबॅच. यावर कोणी बोलत का नाही?

जुना शिलेदार:
विषय काय, तुम्ही बोलताय काय! आणि मोंतालबानने तो माणूस असा उभा केला की १९८२ मध्ये त्याच्यासाठी अख्खा सिनेमा काढावा लागला.

रविवार सकाळ:
अभिनयाला नावं कोण ठेवतंय? आमच्या मजल्यावर एक सरदारजी काका राहायचे. खान सिंग येणार म्हणून ते पगडी नीट बांधून पुढे येऊन बसले होते. भाग संपल्यावर एक शब्द न बोलता उठून गेले. तुम्ही ते तोंड पाहिलं नाहीत, म्हणून तुम्हाला हे सोपं वाटतं.

गिरगावची:
मग पर्सिस खंबाटाचंही नाव घ्या. मुंबईची पारशी मुलगी, १९६५ ची मिस इंडिया. १९७९ च्या सिनेमात तिने डोक्याचा गोटा करून इलियाची भूमिका केली. आई सांगते, केस कापल्याची बातमी तिच्या कॉलेजात सिनेमापेक्षा जास्त गाजली.

रविवार सकाळ:
हो, पण भूमिका परग्रहावरच्या बाईची! खरी भारतीय बाई मिळाली, तिला परग्रहाची केली. भारतीय माणूस लिहिला, तो मेक्सिकोहून आणला. माझं तेच म्हणणं आहे.

गिरगावची:
तिच्या कामाला तुम्ही कमी लेखताय. त्या काळात मुंबईहून तिथवर पोचणं खायचं काम नव्हतं.

रविवार सकाळ:
कमी लेखत नाही. तिच्याबद्दल चुकीचं वाटलं असेल तर शब्द मागे. खानबद्दलचा एकही मागे घेणार नाही.

म्हापशेकर:
मूळ मुद्द्यावर येते. शिलेदार, स्टेशन हलत नाही म्हणता, पण पहिल्याच भागात ते बजोरजवळून हलवून वर्महोलच्या, म्हणजे अंतराळातल्या बोगद्याच्या, तोंडाशी नेलंय. तिसऱ्या पर्वात डिफायंट जहाजही आलं. आणि सुधारलेला माणूस म्हणाल तर 'ड्युएट'चा शेवट बघा. त्या कारकुनाला एक बजोरन भोसकतो. का, तर तो कार्डेशियन आहे, एवढं कारण पुरे. आयुष्यभर कार्डेशियनांना मारत आलेली कीरा त्याला सांगते, नाही, पुरेसं नाही. तुमची शपथ तिथे पाळली गेलीय.

जुना शिलेदार:
स्टेशन हलवल्याचं विसरलो होतो, ते मान्य. सिस्कोला माफी नाही. 'ड्युएट' मी वीस वर्षांपूर्वी अर्धवट सोडला होता, कोठडीतली बडबड म्हणून. रात्री पुन्हा लावतो.