मदत हवी आहे: कुत्र्याला घेऊन कोकणात कॅम्पिंग, नागपूरहून

नमस्कार मंडळी, डिसेंबरच्या सुट्ट्यांत आम्ही कोकणात जायचं ठरवून राहिलो, मी, नवरा, दोन पोरं, सासूबाई आणि आमचा मोती (देशी, सहा वर्षांचा). गाडी म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलर, मागे बेड आणि छोटा गॅस बसवून घेतलाय. समृद्धीचे ७०१ किमी एका दमात नाही करायचे, मध्ये संभाजीनगरला मुक्काम. पण पुढे काय?

दिवेआगर, आंजर्ले की गुहागर? टेंट किंवा गाडी लावायला जागा, रात्री लाईट, स्वच्छ टॉयलेट (सासूबाईंचे गुडघे दुखतात, कमोडच पाहिजे) आणि मोती आमच्यासोबतच झोपला पाहिजे. मागच्या वर्षी एका ठिकाणी फोनवर 'हो हो आणा' म्हणाले न् गेल्यावर गेटजवळ बांधायला लावलं, तो रात्रभर रडला, मी शाल घेऊन त्याच्याजवळच बसून राहिले. तसं पुन्हा नको बाप्पा.

अजून एक, या किनाऱ्यांवर थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात ना, कुत्री ती उकरून खातात म्हणे. मोतीला पट्टा लावूनच फिरवू, पण घरट्यांपासून लांबचा कॅम्प असेल तर तोच आधी सांगा. तिथे गोचीड किती असतात? आणि ट्रॅव्हलर आत जाईल एवढा रस्ता आहे का, की नारळाच्या वाडीतली गल्ली? स्वतः कुत्रा घेऊन राहून आलेल्यांनी सांगा प्लीज, बुकिंग याच आठवड्यात करायचंय.