नावं पेठेत, माणसं कोथरूडात

कुणीतरी लिहिलंय की २०२३च्या पोटनिवडणुकीत पुण्याच्या कसबा मतदारसंघात भाजप हरला तो फक्त दिवंगत आमदार मुक्ता टिळकांच्या घरात तिकीट दिलं नाही म्हणून. नाराजी होतीच, पण तेवढंच कारण धरलं तर जुन्या पुण्यातल्या पेठा किती रिकाम्या झाल्यात हे बाजूलाच राहतं. मी तेव्हा नारायण पेठेत मतदार चिठ्ठ्या वाटत होतो, एका वाड्याच्या पत्त्यावर सतरा नावं आणि जागेवर नवी बिल्डिंग, खाली दुकानं, वर दोन क्लासेस, सतरातल्या फक्त एक आजी भेटल्या. बाकीचे कोथरूड, धायरी, काही पार बाणेरला, उरलेल्या सोळा चिठ्ठ्या तशाच पिशवीत परत आणल्या, फार वाईट वाटलं.

१९९५पासून भाजपच्या गिरीश बापटांनी कसबा राखला तो या बिऱ्हाडांच्या जिवावर, आणि त्यातल्या ज्यांनी यादीतलं नावही कोथरूडला नेलं त्यांच्यामुळे आज कोथरूड भाजपला एवढं सोपं जातं, जिथे २००९ला शिवसेनेचे मोकाटे निवडून आले होते. आता २०२४ला २०२३ला हरलेले भाजपचे रासने तेव्हा जिंकलेल्या काँग्रेसच्या धंगेकरांना हरवून कसब्यातून आले हे खरंय, पण विधानसभेच्या मोठ्या निवडणुकीत बाहेर गेलेले लोक मुद्दाम गाडी काढून पेठेत मतदानाला येतात, पोटनिवडणुकीला कोण येतंय?