मन मानत नसेल तर सिस्टरला 'नाही' म्हणता यावं का?

ओटी_सिस्टर, धुळे
१७ वर्षं ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये आहे. गर्भपाताची केस लागली की ट्रॉली लावताना हात जड होतात. त्या बाईला मी कधीच दोष देत नाही. तिला धीर देते, घरी जाताना गोळ्या समजावते. पण प्रत्यक्ष त्या कामात माझा हात नको, असं मनापासून वाटतं. ब्रिटनच्या १९६७ च्या गर्भपात कायद्यात कलम ४ आहे: मन मानत नसेल त्याच्यावर सक्ती नाही, फक्त बाईचा जीव वाचवायचा असेल किंवा तिच्या शरीराला-मनाला होणारी गंभीर, कायमची इजा टाळायची असेल तेव्हा नकार चालत नाही. आपल्या १९७१ च्या गर्भपात कायद्यात असं काहीच नाही. का नसावं?

आशा_सातपुडा, धडगाव
ताई, तुमच्याकडे एक नाही तर दुसरा दवाखाना मिळतो. इकडून घाट उतरून नंदुरबारला जाण्यात दिवस मोडतो. ऊसतोडीला गुजरातेत गेलेली बाई परत येते तोवर आधीच बरेच दिवस गेलेले असतात. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, पुढे २४ पर्यंत दोघांचं लागतं, तेही ठरावीक बायकांसाठीच. तुमच्या नकारात तिचा आठवडा गेला तर तो कोण भरून देणार?

डॉक्टर_तापीकाठ, जळगाव
डॉक्टरांपुरतं उत्तर आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत ७.१५ वाचा: वैद्यकीय गरज असेल तर निव्वळ धर्माच्या कारणावरून गर्भपाताला नकार देता येत नाही. आपल्याला ते काम जमणार नाही असं वाटलं तरच सूट. सिस्टरांबद्दल तो नियम बोलत नाही.
पण माझी काळजी वेगळी आहे. आपल्याकडे पुष्कळ नकार भीतीपोटी असतात. गर्भलिंग निदानाच्या १९९४ च्या कायद्याचा धाक एवढा, की सरळ, कायदेशीर केसही नको वाटते. मनाचं कलम आलं की ही भीती त्याच्या आड जाऊन बसेल.

ओटी_सिस्टर, धुळे
म्हणून खऱ्या मनालाही दार बंद का, डॉक्टर? नकार मनापासूनचा आहे हे ब्रिटनमध्ये नकार देणाऱ्यालाच सिद्ध करावं लागतं. आपल्याकडेही नकार आधीच लेखी घ्यावा. बाई टेबलावर असताना कोणी मागे सरू नये, हे मलाही मान्य आहे.

यावलकर
गर्भाची कवटीच बनलेली नव्हती. २१ वा आठवडा. कागद बघून डॉक्टर म्हणाले, "असलं पाप माझ्याकडे नाही." पुढे कुठे जायचं, तेही सांगितलं नाही. ती मन्ही बहीण शे. आठ दिवस आम्ही वणवण फिरलो. मनाचा मान ठेवा म्हणता, तिचं मन कोणी विचारलं?

ओटी_सिस्टर, धुळे
दादा, हे वाचून पोटात कालवलं. असा नकार मला नको. 'मी करत नाही' म्हणणाऱ्याने त्याच दिवशी, नाव-पत्त्यासह दुसरीकडे पाठवलंच पाहिजे, नाहीतर शिक्षा. हे कलमातच हवं.

डॉक्टर_तापीकाठ, जळगाव
ब्रिटनमध्येही २०१४ मध्ये ग्लासगोच्या दोन सुईणी तिथल्या सर्वोच्च न्यायालयात या कलमावरून हरल्या. सूट फक्त प्रत्यक्ष हात लावण्यापुरती. ड्युटी लावणं, देखरेख करणं टाळता येणार नाही, असं ठरलं. एवढ्यापुरतं कलम असेल तर मी विचार करेन.

आशा_सातपुडा, धडगाव
आणि दुसरीकडे पाठवायला दुसरं कोणी नसेलच तर?

ओटी_सिस्टर, धुळे
तर त्या दिवशी ट्रॉली मीच लावीन, ताई. आजवर लावलीच आहे. फक्त एकदा तरी कोणीतरी मला विचारायला हवं होतं.