गायमुख घाटात गिअरच पडेना

घोडबंदरवाला: काल रात्री वसईहून सासूबाईंना आणताना गायमुखच्या चढावर पाऊण तास ट्रॅफिकमध्ये अडकलो. गाडी एएमटी, ६८,००० किमी. आधी जळका वास आला, मग डिस्प्लेवर 'एन' (न्यूट्रल) लुकलुकायला लागला आणि गिअर पडेचना. मागे कंटेनरचा हॉर्न, आत रामरक्षा. क्रेनने कासारवडवलीला आणली. गॅरेजवाला म्हणतो, अख्खा गिअरबॉक्स बदला. खरंच गेला असेल?

कळवेकर: थांबा हो! एएमटी म्हणजे साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स, क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम तेवढं ॲक्च्युएटर नावाचं यंत्र करतं. जळका वास म्हणजे बहुतेक क्लच प्लेट. चढावर ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली होतीत का?

घोडबंदरवाला: हो... तेच केलं.

पनवेलकर: मग झालं. स्कॅनर लावून एरर कोड लेखी घ्या, ॲक्च्युएटरचं ऑइलही बघा. क्रेनने पुढची चाकं उचलली होती ना? माझी सीव्हीटी (बेल्टवर चालणारी ऑटोमॅटिक) गाडी एकाने खारघरहून चाकांवरच ओढत नेली. इंजिन बंद असलं की आतला ऑइल पंप फिरत नाही, गिअरबॉक्स कोरडाच घासला. तेव्हापासून फ्लॅटबेडशिवाय, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणाऱ्या ट्रकशिवाय, हात लावू देत नाही.

घोडबंदरवाला: पुढची चाकं वरच होती. कोड क्लचचाच निघाला. सासूबाई मात्र आता लोकलनेच जाणार म्हणतात.