गोळी लगेच काम करते, मग गुण यायला महिना का लागतो?

प्रश्न (बोरिवली): भावाला डिप्रेशनसाठी एस्सिटॅलोप्राम १० मिग्रॅ सुरू होऊन ८ दिवस झाले. मन तसंच, वर मळमळ. सकाळच्या लोकलमध्ये उभं राहवत नाही. बंद करावी का?

उत्तर (परळ): परस्पर बंद नको. सेरोटोनिन (पेशींमध्ये निरोप नेणारं रसायन) परत शोषून घेणारी वाट गोळी काही तासांतच अडवते. पण सेरोटोनिन वाढलं की ते सोडणाऱ्या पेशींवरचे ५-एचटी१ए रिसेप्टर (सेरोटोनिन टिपणाऱ्या जागा) ब्रेक दाबतात, म्हणजे ते कमी सोडलं जातं. हा ब्रेक सैल व्हायला २-३ आठवडे जातात, पेशींचे जोड नव्याने बांधले जायला आणखी वेळ. ४ ते ६ आठवडे धरा. ‘सेरोटोनिन कमी म्हणून डिप्रेशन’ हे फारच सोपं केलेलं गणित आहे.

उत्तर (गिरगाव): मळमळ का, तर शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं. जेवणानंतर घ्या, झोप उडत नसेल तर रात्री. त्रास फारच असेल तर ५ मिग्रॅबद्दल डॉक्टरांना विचारा. चुकलेला डोस दुप्पट करून भरू नका. ट्रॅमाडॉल (वेदनाशामक) चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

उत्तर (परळ): वय २५च्या आत असेल तर पहिले काही आठवडे बेचैनी, मरणाचे विचार यांवर घरच्यांनी लक्ष ठेवाच. दिसलं तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ रात्रीही चालू असतो.