नाट्यगृहाच्या लॉबीतली चित्रप्रदर्शनं बंद करावीत का?

तिसरी_घंटा (धागाकर्ता)
इंदुरात दर महिन्याच्या नाटकाला जाणाऱ्यांनी पाहिलं असेल, हल्ली लॉबीत गावातल्या चित्रकारांची कामं मांडायची पद्धत पडली आहे. माझं मत, ती बंद करावी. चित्रकारांवर राग आहे म्हणून नव्हे, त्यांचीच बाजू घेऊन बोलतोय.

परवा मध्यंतरात पाहिलं. टेराकोटाचा एक छान घोडा होता, त्याच्या पेडेस्टलवर चहाचे चार कागदी कप. शेजारी जलरंगातलं चित्र, त्याच्या काचेत समोरचा कचोरीचा काउंटर स्वच्छ दिसत होता आणि चित्र सोडून बाकी सगळं. मध्यंतर पंधरा मिनिटांचं. त्यात प्रसाधनगृहाची रांग, चहा, आणि ‘अय्या, तू पुण्याहून कधी आलीस?’ चित्राच्या वाट्याला काय उरतं?

गावात देवलालीकर कला वीथिका आहे, प्रीतमलाल दुआ कला वीथिका आहे. चित्र बघायचं म्हणून घरून निघावं, तिथे जावं. देवलालीकर मास्तरांच्या हाताखाली बेंद्रे, हुसेन, डी. जे. जोशी जिथे शिकले त्या गावात चित्र म्हणजे डॉक्टरच्या वेटिंग रूममधलं कॅलेंडर झालंय.

काडी_पेटी
लॉबी सोडा, आतल्या नेपथ्यावर बोला. गेल्या कित्येक नाटकांत तोच सोफा आणि सोफ्याच्या मागे तीच फ्रेम. तीसुद्धा तिरकी.

रामबागची_रंगारीण
मी तिथे चित्रं लावते, तेव्हा मला बोलायचा हक्क आहे. वीथिकेत उद्घाटनाच्या संध्याकाळी कोण येतं? आम्हीच. एकमेकांचे विद्यार्थी, एकमेकींच्या नणंदा-जावा. दुसऱ्या दिवसापासून मी आणि चौकीदार. तो बिचारा तिसऱ्या दिवशी माझी चित्रं माझ्यापेक्षा बरी समजावून सांगायला लागतो.

लॉबीत शेकडो माणसं समोरून जातात. बरीचशी चित्राकडे पाठ करून चहा पितात, कबूल. पण एकदा एक काकू माझ्या वाड्याच्या चित्रापुढे थबकल्या. ‘जिना डावीकडे वळायला हवा हो,’ म्हणाल्या. त्यांचं माहेर तसल्याच वाड्यातलं. विकत काही घेतलं नाही, पण पुढच्या प्रयोगाला मुलाला हाताला धरून घेऊन आल्या आणि जिन्याची चूक त्यालाही दाखवली. वीथिकेत असा प्रेक्षक मला आजवर मिळालेला नाही.

आणि हुसेनचं नाव तुम्हीच काढलंत म्हणून सांगते, त्यांनी मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवून पोट भरलं. मग लॉबीत कसला आलाय कमीपणा?

तिसरी_घंटा
होर्डिंग हे होर्डिंग म्हणूनच रंगवलेलं असतं, लांबून आणि चालता चालता दिसावं म्हणून. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले, तेही नाटकासाठीच. जागेसाठी केलेलं काम वेगळं आणि घरी केलेलं काम आणून कुठल्या तरी भिंतीला अडकवणं वेगळं. तुमचं चित्र हातभर अंतरावरून, निवांत बघायचं आहे. तो निवांतपणा लॉबीत कुठून आणणार?

डिमर_बोर्ड
नाटकांची प्रकाशयोजना करतो, म्हणून थोडं कामाचं बोलतो. कागदावरच्या कामाला संग्रहालयं साधारण ५० लक्स (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) प्रकाश ठेवतात, तैलरंगाला २०० च्या आसपास. आपल्या लॉबीची पश्चिमेची भिंत पूर्ण काचेची. चारच्या प्रयोगाला ऊन थेट चित्रांवर येतं. उघड्यावर भर उन्हात हा आकडा १ लाखापर्यंत जातो. काचेतून कमी येतो, तरी जलरंगाची वाट लागायला पुरेसा असतो. ॲलिझरिन क्रिमसनसारखे लाल आधी उडतात. एका संध्याकाळीत काही होत नाही, पण हीच चित्रं महिनाभर तिथेच असतात.

काचेतल्या कचोरीचं म्हणाल तर तो दोष चित्राचाही नाही, लॉबीचाही नाही. चित्रापेक्षा समोरचा काउंटर जास्त उजळलेला, म्हणून तो काचेत दिसतो. काउंटरचे दिवे मंद करा आणि चित्रावर वरून, उभ्या रेषेपासून ३० अंशांच्या कोनात स्पॉट टाका, चित्र दिसेल. आणि चित्राचा मध्य जमिनीपासून १४५-१५० सेंटीमीटरवर हवा. इथे नाटकांच्या पोस्टरसाठी ठोकलेल्या जुन्या खिळ्यांनाच चित्रं लटकवतात, म्हणून सगळे माना वर करून उभे.

बंद कशाला करायचं? पश्चिमेला पडदा लावा. नाटकवाल्यांकडे पडद्यांची काय कमी?

जुना_इंदूरकर
विष्णू चिंचाळकर गुरुजींना पाहिलेली माणसं इथे असतील. वाळकी फांदी, नारळाची करवंटी, फेकून दिलेलं काहीही उचलायचे आणि त्यात दडलेला चेहरा दाखवायचे. राहुल बारपुते, कुमार गंधर्व, बाबा डिके आणि गुरुजी ही दोस्ती याच भागातली. एक पत्रकार, एक गवई, एक नाटकवाला, एक चित्रकार. नाटकाचे प्रेक्षक वेगळे आणि चित्राचे वेगळे, ही वाटणी तेव्हा एवढी पक्की नव्हती. त्यामुळे लॉबीत चित्रं हवीत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण कोणाची? पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर १९६८ मध्ये झालं, तिथे कलादालन वेगळं आहे. भोपाळच्या भारत भवनात १९८२ पासून ‘रूपंकर’ हे कलासंग्रहालय आणि नाटक एकाच आवारात, आणि रूपंकरसाठी कामं निवडायला चित्रकार जगदीश स्वामीनाथन होते. आपल्याकडे कोण निवडतं? देणगीदारांची सून, कोणाचा तरी भाचा. मग भिंतीवर राजवाडा, महेश्वरचा घाट, अहिल्याबाई, गणपती आणि परत राजवाडा.

रामबागची_रंगारीण
दादा, राजवाड्याला नावं ठेवू नका. माझ्या सगळ्या फ्रेमांचा खर्च राजवाडाच काढतो. निवड व्हायला हवी हे बरोबर, पण समितीत नाटकवाले नकोत. ते सोफ्याच्या रंगाला मॅचिंग चित्र मागतात.

चाकावरची_माती
तो घोडा माझा. कपांचे डाग ओल्या फडक्यानं गेले, भाजलेल्या मातीला त्याचं काही नाही. एका पोरानं त्याच्या तोंडात बिस्किट कोंबलं होतं. वीथिकेत मांडला तेव्हा कोणी बोट लावलं नव्हतं. धागाकर्त्यांना वाईट वाटलं, मला नाही वाटलं.

तिसरी_घंटा
मातीला डाग लागत नाही, कागदाला लागतो. सगळ्यांचं काम घोड्यासारखं दणकट नसतं. तुमचा अनुभव जलरंगवाल्यांच्या माथी मारू नका.

पोहे_जिरावण
मी साधा प्रेक्षक. वीथिकेत आजवर गेलेलो नाही, खरं सांगायचं तर धीर होत नाही. आत चार दाढीवाले बसलेले असतात, ‘काय वाटलं?’ विचारलं तर काय सांगू? लॉबीत कोणी विचारत नाही. वडा खात खात बघतो, आवडलं तर दोन पावलं जवळ जातो. एकच मागणी, चित्राखाली किंमत लिहा. दोनदा घ्यावंसं वाटलं, पण विचारायचा संकोच वाटला आणि तेवढ्यात घंटा झाली.

काडी_पेटी
किंमत लिहिली की तोही संकोच जाईल आणि घ्यावंसं वाटणंही.

तिसरी_घंटा
जिरावणभाऊंचा मुद्दा मला पटतो, म्हणूनच अट घालतो. दारं नाटकाच्या तासभर आधी उघडा. चहा-वडा लॉबीतून बाहेर अंगणात न्या. डिमर_बोर्ड म्हणतात तसा पडदा आणि दिवे लावा. एवढं केलंत तर माझा विरोध मागे. पण अंगणात चहा न्यायला काउंटरवाला तयार नाही आणि तासभर आधी दारं उघडायला वॉचमन नाही. हे माहीत असून चित्रकारांना ‘या, लावा’ म्हणणं मला फसवणूक वाटते.

रामबागची_रंगारीण
चहा अंगणात गेला की माणसंही अंगणात जातील, मग चित्रं कोण बघणार, तुमचा पडदा? चहा आतच राहू दे. किंमतीची पट्टी मी पुढच्या वेळेपासून लावते. आणि पश्चिमेच्या भिंतीवर जलरंग नको, तिथे मातीकामवाल्यांना बसवा. एवढ्यासाठी कोणाची परवानगीही लागत नाही.

डिमर_बोर्ड
खिळ्यांसाठी लागते. भिंतीला नवीन भोक पाडायचं तर अर्ज द्यावा लागतो. मी दिलाय, बघू.