दादरहून माथेरान एका दिवसात: सहा वर्षांचा मुलगा आणि आजी सोबत

प्रश्न: ऑक्टोबरअखेरच्या रविवारी जायचंय. नेरळहून मिनी ट्रेनच घ्यावी का? आजींना फार चालवत नाही.

प्रतिसाद १: कर्जत किंवा खोपोली लोकल पकडा. कसारा लोकल कल्याणनंतर वेगळ्या मार्गाने जाते, बदलापूर लोकल नेरळच्या आधीच संपते. नेरळ-माथेरान गाडीला अडीच तासांहून जास्त लागतात, एका दिवसात दोन्ही वेळा ती नको. टॅक्सीने दस्तुरी नाका गाठा. पुढे गाड्यांना बंदी आहे. जवळच्या अमन लॉज स्टेशनहून मिनी ट्रेनची शटल (छोटी फेरी) थेट बाजारापाशी सोडते, आजींचं चालणं वाचतं. तिकीट खिडकीवर रांग असते, म्हणून एकाने आधी पुढे जावं.

प्रतिसाद २: रविवार म्हणजे मेगाब्लॉक, दुरुस्तीसाठी काही लोकल बंद किंवा उशिरा! आदल्या दिवशी लोकलच्या वेळा बघा, सकाळी सातच्या आत निघा. लोकलमध्ये शौचालय नसतं, मुलाला दादरलाच नेऊन आणा. पाच ते बारा वयाला अर्धं तिकीट.

प्रतिसाद ३: परतीचं बघा आधी. संध्याकाळी नेरळला लोकल कर्जतहूनच भरून येते. चारला माथेरान सोडलेलं बरं. इको पॉइंट आणि शार्लोट तलाव पुरे. बाकीचे पॉइंट मोजत बसू नका. माकडं खाऊच्या पिशव्या ओढतात, डबा सॅकमध्येच ठेवा.